नखुलीचा हिरवा दिवा

रोहिदास ढोबळे घाटात माईक घेऊन उभा राहिला की पलीकडच्या डोंगरावरची गुरंसुद्धा चरायचं थांबतात, असं जुन्नर तालुक्यातली माणसं कौतुकाने सांगत. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा चढाचा रस्ता. त्याच्या टोकाला मचाणावर बसून धावत्या बैलांचं, बैलांच्या मालकांचं आणि मालकांच्या ऐटीचं वर्णन करायचं, हा रोहिदासचा धंदा. गाडा सुटला की तो 'भिर्रर्र' असा एकच सूर धरायचा आणि बैल टोकाला पोचून माघारी वळले तरी सूर सोडायचा नाही.

शर्यतीत आता बाकी सगळं यंत्रांनी ताब्यात घेतलं होतं. वेळ सेन्सर मोजत, वरून ड्रोन घिरट्या घालत, निकाल डोळ्याची पापणी लवते न लवते तोच फलकावर येई. पलीकडच्या एका गावाने तर निवेदनालाही यंत्राचा आवाज लावून पाहिला. त्या आवाजाने 'तात्या गावडे यांचा बैल दुसरा आला' असं सरळ सांगून टाकलं, आणि तात्या गावड्यांनी जत्रेचं जेवण पानावरच सोडलं. हीच गोष्ट रोहिदासने अशी सांगितली असती की तात्यांना आपण पहिले आलो असं वाटून त्यांनी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या असत्या. पुढच्या वर्षी त्या गावानेही रोहिदासलाच बोलावलं.

घरात मात्र निवेदन सुवर्णाचं असे. सुवर्णा म्हणजे रोहिदासची बायको आणि कोळमाथा गावच्या प्रगती महिला बचत गटाची अध्यक्ष. तिच्या कारकिर्दीत गावात धूर नसलेल्या चुली आल्या, गांडूळखत आलं, सकाळचा योग आला. त्यातलं प्रत्येक नवं काही आधी रोहिदासवर करून बघितलं जाई. नखुलीही अशीच आली.

कंपनीने यंत्राचं नाव नखदर्शक असं भारदस्त ठेवलं होतं, पण खोक्यातून ते बाहेर येताच गावाने त्याची नखुली करून टाकली. दिसायला ते देवघरातल्या घंटेएवढं, बोट घालायला एक भोक आणि वर एक दिवा. दिवाळी होऊन गेल्यावर समाजमंदिरात त्याचं प्रात्यक्षिक ठेवलं. कंपनीकडून आलेली मुलगी चुणचुणीत होती.

"आपल्या गळ्यात, कंठाच्या खाली, फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, थायरॉइड," तिने सांगितलं. "मिठातलं आयोडीन घेऊन ती एक संप्रेरक बनवते. शरीराची चूल किती पेटती ठेवायची हे त्यावर ठरतं. पण ते बनवताना तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखमेवर टाकलं की फेसाळतं ना, तेच. ते वेळच्या वेळी निपटलं नाही तर ग्रंथीच्या पेशींना इजा होते. निपटायचं काम करणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, सेलेनियम नावाचं खनिज लागतं. अगदी कणभर लागतं, पण लागतंच."

मग तिने नखाची गोष्ट सांगितली. रक्तातलं खनिजांचं प्रमाण कालच्या जेवणानेही हलतं. नख मात्र सावकाश वाढतं आणि वाढताना शरीरात जे असेल ते आपल्यात साठवत जातं, म्हणून त्यात मागच्या कित्येक महिन्यांची नोंद सापडते. नखुली लेसरने नखाचा धुळीएवढा कण जाळते आणि त्या ठिणगीतले रंग वाचून सेलेनियम किती, तांबं किती, जस्त किती ते ओळखते. लाखो लोकांची नखं आणि त्यांना पुढे झालेले आजार यांचा मेळ घालून ती शिकली होती. थायरॉइडचा कॅन्सर झालेल्यांमध्ये सरासरीने सेलेनियम कमी आणि तांबं जास्त आढळतं, हे तिला त्यातून कळलं होतं. त्यावरून ती प्रत्येकाला शून्य ते शंभरमधला एक अंक देई. कमी अंकाला हिरवा दिवा, मधल्याला पिवळा, वरच्याला लाल.

शेवटी ती मुलगी म्हणाली की हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे, आणि सेलेनियम कमी पडल्यामुळे आजार होतो की आजारामुळे सेलेनियम कमी होतं, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. ती हे सांगत असतानाच चहा आला, त्यामुळे ते कोणी धड ऐकलं नाही.

तपासणी सुरू झाली आणि रोहिदासला राहवेना. त्याने समाजमंदिराचा माईक उचलला.

"मैदानात उतरल्या आहेत सुमनताई शेळके. बोट आत गेलेलं आहे, ठिणगी पडलेली आहे, आणि अंक आलेला आहे अकरा. हिरवा दिवा. सुमनताईंच्या सासूबाई मात्र पिवळ्यात अडकल्या आहेत. या घरात सून सासूच्या पुढे निघालेली आहे, मंडळी."

लोक हसून हसून लोळले. सुवर्णाचा अंक नऊ आला, गावात सगळ्यात कमी. तिने पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तुम्ही."

रोहिदासने एका हाताने माईक धरला, दुसऱ्या हाताचं बोट नखुलीत घातलं आणि स्वतःचंच निवेदन सुरू केलं. "आता मैदानात आलेला आहे कोळमाथ्याचा वाघ, तालुक्याचा आवाज." तेवढ्यात दिवा लाल झाला. अंक त्र्याऐंशी.

माईक चालू होता, पण त्यातून काहीच आलं नाही. रोहिदासला पुढचा शब्द सुचला नाही, असं गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. पारावर कोणीतरी उठून त्याला जागा दिली, तेव्हा रोहिदासला जास्त भीती वाटली. तात्या गावडे भेटायला आले ते एक बातमी घेऊन. त्यांनी आपल्या बादल बैलाच्या खुराची तासलेली चकती गटातल्या एका बाईकरवी नखुलीत घालून बघितली होती.

"खूर म्हणजे नखच की ते," तात्या म्हणाले. "बादलचा अंक सहा आला. हिरवागार. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, पण बैल बरा निघाला तुमच्यापेक्षा."

सुवर्णाने तांब्याचा तांब्या माळ्यावर टाकला. त्यातलं पाणी रोहिदास रोज पहाटे अनशापोटी पीत असे, कारण चार वर्षांपूर्वी सुवर्णानेच त्याला ते प्यायला लावलं होतं. त्याने तशी आठवण करून दिली.

"तेव्हाचं विज्ञान वेगळं होतं," सुवर्णा म्हणाली.

मग ती त्याला नारायणगावला डॉक्टर शमीम तांबोळींकडे घेऊन गेली. तांबोळी मॅडम ग्रंथींच्या आजारांच्या डॉक्टर. बोलायच्या शांतपणे, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे नीट बघत ऐकायच्या. त्यांनी रोहिदासचा गळा चाचपला आणि म्हणाल्या, "काही लागत नाही हाताला. नुसत्या या अंकासाठी सोनोग्राफी करायची गरज मला वाटत नाही."

"मॅडम, अंक लाल आहे," सुवर्णा म्हणाली.

"अंक नखाचा आहे, ताई. गाठ गळ्यात असते."

"मग गळ्यात बघा."

मॅडमनी बघितलं. डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ निघाली. मॅडमनी समजावलं की इतक्या लहान गाठी पन्नाशीतल्या कितीतरी लोकांच्या गळ्यात असतात. त्यातल्या काही कॅन्सरच्याही असतात, पण इतक्या मंद की माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातो आणि गाठ तिथेच झोपलेली राहते. शोधायला गेलं की त्या सापडतात. एवढ्याशा गाठीत तपासणीची सुई घालू नये, सहा महिन्यांनी परत बघू, असा त्यांचा सल्ला होता.

सुवर्णाने तो सल्ला नीट ऐकून घेतला आणि आठवड्याभरात रोहिदासला पुण्याला नेऊन गाठीत सुई घालून घेतली. गाठ कॅन्सरची निघाली.

पुण्याचे सर्जन सभ्य होते. तेही म्हणाले की थांबून लक्ष ठेवलं तरी चालेल, आणि काढायची असेल तर अर्धी ग्रंथी काढता येईल. ऑपरेशन सोपं आहे. फक्त ग्रंथीच्या मागून आवाजाच्या पडद्याकडे जाणारी एक नस असते. तिला धक्का लागून आवाज कायमचा बसण्याची शक्यता असते, पण अगदी थोडी, शंभरात एखादा.

रोहिदासने आयुष्यभर शर्यती बघितल्या होत्या. शंभरात एखादा गाडा कसा उलटतो ते त्याला पाठ होतं.

"मी थांबतो," तो म्हणाला.

"हे थांबत नाहीत," सुवर्णा म्हणाली. सर्जनांनी दोघांनाही विचार करायला वेळ दिला.

घरी आल्यावर विचार झाला नाही, भांडण झालं.

"तुमच्या गळ्यात कॅन्सर आहे आणि तुम्हाला जत्रा दिसतायत," सुवर्णा म्हणाली.

"गळ्यात दाणा आहे. मॅडम म्हणाल्या झोपलाय. झोपलेल्याला उठवू नये."

"आणि उठला म्हणजे?"

"सहा महिन्यांनी बघणार आहेत ना. आवाज गेला तर मी काय करू गं? मचाणावर उभा राहून हातवारे करू?"

"जिवंत तरी राहाल हातवारे करायला."

रोहिदास उठून गोठ्यात जाऊन बसला. सुवर्णाने बोलणं टाकलं. भाजीत मीठ जास्त झालं की कमी, हेही ती शेजारच्या सुमनताईला सांगायची आणि सुमनताई ते कुंपणावरून रोहिदासला कळवायची.

पंधरा दिवसांनी सुवर्णाने स्वतःच तह केला. ऑपरेशन नको असेल तर नको, पण अंक खाली आला पाहिजे. रोहिदास सुटल्यासारखा 'हो' म्हणाला. आपण कशाला हो म्हटलं ते त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ताटलीत चार ब्राझील नट ठेवलेले होते. अंगठ्याएवढे, खोबऱ्यासारख्या चवीचे. ते सेलेनियमने इतके भरलेले असतात की एकाने माणसाची दिवसाची गरज भागते. त्यावर कंपनीच्या सेलोशक्ती थेंबांचा एक डोस. दुपारी सूर्यफुलाच्या बिया, संध्याकाळी पुन्हा थेंब.

"बाटलीवर रोज एकदा असं लिहिलंय," रोहिदास म्हणाला.

"ते पिवळ्या दिव्यासाठी. तुमचा लाल आहे."

सुवर्णा स्वतःही हे सगळं खायची, अध्यक्षांनी आदर्श ठेवायचा म्हणून. ते बघून गटाने खायला सुरुवात केली आणि गटामागोमाग गावाने. लग्न ठरवताना मुलीकडचे मुलाचं पगारपत्रक बघून झालं की त्याचं बोट मागायला लागले. एका घरात नवरदेवाचा दिवा पिवळा आला तेव्हा त्याच्या आईने आदल्या दिवशीच्या मेंदीला दोष दिला. पुरुषांच्या नखांना मेंदी कशी लागली, हे कोणी विचारलं नाही.

माघ संपून जत्रा सुरू झाल्या, आणि घाटात एक विचित्र गोष्ट घडायला लागली. रोहिदासच्या शेजारी मचाणावर कोणी बसेना. पाहुणे यायचे, सत्कार घ्यायचे आणि खाली उतरायचे. एका आमदारांनी तर रोहिदासने माईक दिल्यावर तो आधी रुमालाने पुसला, मग हातभर लांब धरून भाषण केलं. कोणालाही त्यातला एक शब्द ऐकू गेला नाही, आणि भाषण चांगलं झालं असं सगळ्यांचं मत पडलं.

शेवटी तात्या गावड्यांनीच विषय काढला. "रोहिदासशेठ, गाड्यांची बारी सुरू व्हायच्या आधी लसणाची चटणी खात नका जाऊ."

"खाल्ली नाही तात्या."

"मग अख्खी गड्डी खाल्ली असेल."

रात्री सुवर्णाने तीच तक्रार केली. तिच्या मते तो बाहेर कुठेतरी मटण-भाकरी झोडून येत होता. रोहिदासने शपथ घेतली. ती घेताना त्याने तोंड उघडलं आणि शपथ वाया गेली. पण बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की सुवर्णाच्या श्वासालाही तोच वास होता. फक्त सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

चैत्रापर्यंत गावाच्या वेशीवर उतरलेल्या पाहुण्याला आज इथे कोणाकडे तरी मोठी पंगत आहे असं वाटे. मग केस जायला लागले. रोहिदासचे दाट कुरळे केस उशीवर राहू लागले. गटातल्या बायका विहिरीच्या पाण्याला, नव्या शाम्पूला आणि एकमेकींच्या नजरेला दोष देऊ लागल्या. नखांवर पांढरे पट्टे उठले, ती ठिसूळ होऊन तुटायला लागली, आणि नखुलीत घालायला नीट नख शोधावं लागे.

एवढं होऊनही, किंवा एवढं झाल्यामुळेच, वैशाखात एके दिवशी रोहिदासचा अंक चौदा आला. हिरवा दिवा. सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पेढे वाटले. टक्कल पडत चाललेला, लसणासारखा दरवळणारा, बोटांना पट्ट्या गुंडाळलेला रोहिदास पारावर बसला आणि गावाने त्याचं अभिनंदन केलं.

सहा महिन्यांच्या तपासणीला दोघं नारायणगावला गेली. सुवर्णाने तो अंक मॅडमसमोर विजयाने ठेवला. मॅडमनी आधी रोहिदासचं डोकं बघितलं, मग नखं बघितली, मग त्याला श्वास सोडायला सांगितला आणि स्वतः खुर्ची जरा मागे घेतली.

"किती सेलेनियम घेता तुम्ही?"

सुवर्णाने यादी सांगितली. मॅडमनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"हे सगळं आजपासून बंद. ही विषबाधा आहे. सेलेनियमचं गणित फार अरुंद असतं, ताई. कमी पडलं तर त्रास, थोडं जास्त झालं तरी त्रास. शरीर जादाचं सेलेनियम श्वासावाटे बाहेर टाकतं, त्याला लसणासारखा वास येतो. केस, नखं, सगळं त्यातलंच. परत येईल, पण वेळ लागेल."

"पण दिवा हिरवा झाला," सुवर्णा म्हणाली.

"नखात सेलेनियम वाढलं म्हणून यंत्राने अंक खाली आणला. त्याच्या दृष्टीने जास्त सेलेनियम म्हणजे चांगलं. गाठीला मात्र कोणी विचारलेलं नाही. आता विचारू."

सोनोग्राफी झाली. गाठ जशी होती तशीच होती. लाल दिव्यात तांदळाएवढी, हिरव्या दिव्यातही तांदळाएवढी.

"वाढली नाही, हे चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "थेंबांमुळे मात्र काही झालेलं नाही. एखाद्या समूहात आजारी लोकांमध्ये सेलेनियम कमी दिसतं, म्हणून एका माणसाने सेलेनियम खाल्लं की तो वाचतो, असं त्यातून निघत नाही."

सुवर्णा हार मानणारी नव्हती. तिने लाखो नखांचा विषय काढला, हायड्रोजन पेरॉक्साइडचा काढला, प्रात्यक्षिकातली वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. मॅडम एकटक तिच्याकडे बघत राहिल्या. आपला मुद्दा पटतोय असं वाटून सुवर्णाला आणखी जोर चढला. बोलून घसा सुकला तेव्हा ती ग्लासभर पाणी प्यायली.

"आणखी एक घोट घ्या बरं," मॅडम म्हणाल्या.

सुवर्णाने घेतला.

"अजून एक. मान जरा वर करून."

रोहिदासला आधी समजलं. मॅडम इतका वेळ बायकोचं बोलणं ऐकत नव्हत्या, तिचा गळा बघत होत्या. पाणी उतरताना कंठाच्या उजव्या बाजूला बोरासारखं काहीतरी वर गेलं आणि खाली आलं.

"माझा अंक नऊ आहे," सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "नेहमी हिरवा असतो."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "हिरव्यांना हा आजार कमी होतो, होत नाही असं नाही. आणि गावात हिरवे लालपेक्षा कितीतरी जास्त आहेत. शिवाय बायकांमध्ये तो पुरुषांच्या तिप्पट दिसतो. झोपा इकडे."

या वेळी सुई घालावी असं मॅडमनीच सांगितलं. आठवड्याने निकाल आला. तोच कॅन्सर, पण गाठ मोठी आणि श्वासनळीच्या अंगाला, नसेच्या वाटेवर चिकटलेली. थांबून बघण्यासारखी ती नव्हती. काढली की बहुतेक प्रश्न मिटतो, या जातीचा आजार एरवी गरीब असतो, असं मॅडमनी धीराने सांगितलं.

परतीच्या वाटेवर रोहिदासने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. डावीकडे द्राक्षाची बाग होती, उजवीकडे टोमॅटोचे क्रेट रचून ठेवलेले होते.

"उद्याच जाऊ पुण्याला," तो म्हणाला.

"उद्या कसं? गटाचं ऑडिट आहे. मग आषाढात बघू. थांबलं तर काही बिघडत नाही, तुम्हीच म्हणता."

"मी माझं म्हणत होतो."

"तुमचा तो दाणा आणि माझी ती गाठ होय? सर्जन म्हणाले ना, आवाज जाऊ शकतो. मी गट कसा चालवू? बँकेच्या साहेबांपुढे हातवारे करू?"

आपलीच वाक्यं बायकोच्या तोंडून ऐकताना रोहिदासला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी त्याने गाडीचं इंजिन बंद केलं. सहा महिने ही बाई ताटलीत नट मांडत होती, थेंब मोजत होती, बोलणं टाकत होती, तेव्हा तिला आतून काय होत होतं ते त्याला आत्ता कळलं. स्वतःच्या गळ्यातल्या दाण्याची त्याला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

"सुवर्णा," तो म्हणाला, "तू मला गोठ्यात बसवलंस, टक्कल पाडलंस, बैलाच्या खाली नंबर लावलास. मी काही बोललो नाही. आता एकदा माझं ऐक."

"तुम्ही घाबरलात," ती म्हणाली.

"हो."

एवढं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. तिने बागेकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "ऑडिट सुमनताई सांभाळेल. गाडी काढा."

ऑपरेशन ज्येष्ठात झालं. उजवी बाजू निघाली, गाठ पूर्ण निघाली. नस सर्जनांनी हलक्या हाताने सोडवली, पण ती गाठीला इतकी चिकटलेली होती की तिने राग धरला. सुवर्णा शुद्धीवर आली तेव्हा तिच्या घशातून फक्त हवा येत होती. नस तुटलेली नाही, आवाज येईल, पण काही आठवडे किंवा महिने जातील, असं सर्जन म्हणाले.

घर विलक्षण शांत झालं. रोहिदासला सवय नव्हती. सुवर्णा पुटपुटायची आणि तो कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकायचा. एवढ्या जवळून तिचं बोलणं त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं. लसणाचा वास गेला होता. त्याच्या डोक्यावर पिलाच्या पिसांसारखी लव उगवत होती, आणि सुवर्णा कधी कधी त्यावरून हात फिरवून बघायची, गांडूळखत लागू पडलं का बघावं तशी.

महिन्याभराने गटाची सभा होती. सुवर्णाने हट्टाने जायचं ठरवलं. ती अध्यक्षांच्या खुर्चीवर बसली, गळ्याला रुमाल गुंडाळून, आणि शेजारी माईक घेऊन रोहिदास उभा राहिला. तिने कानात सांगायचं आणि त्याने गावाला सांगायचं, असं ठरलं होतं.

"अध्यक्ष म्हणतात," रोहिदासने सुरुवात केली, आणि सवयीने त्याचा आवाज घाटात चढला, "अध्यक्ष म्हणतात की सेलोशक्तीच्या सगळ्या बाटल्या आज सभेत जमा करायच्या आहेत. ज्यांनी लपवून ठेवल्यात त्यांचा वास येतोय."

बायका खुदुखुदू हसल्या. चार-पाच पिशव्यांतून बाटल्या बाहेर आल्या.

"अध्यक्ष म्हणतात की यात चूक अध्यक्षांची आहे. चहा आला म्हणून एक वाक्य ऐकायचं राहिलं, आणि राहिलेलं वाक्यच कामाचं होतं." रोहिदास थांबला, वाकला, पुन्हा ऐकलं. "तसंच त्या म्हणतात की निवेदकाने स्वतःचं काही घालू नये, जेवढं सांगितलं तेवढंच बोलावं."

मग नखुलीचा प्रश्न आला. सुमनताईचं म्हणणं होतं की यंत्र कंपनीला परत पाठवावं. तिची सासू म्हणाली, विहिरीत टाकावं. तात्या गावडे सभासद नव्हते, पण दारात उभे होते. त्यांनी बादलसाठी ते ठेवून घ्यायची तयारी दाखवली.

सुवर्णाने बराच वेळ रोहिदासच्या कानात सांगितलं. तो या वेळी आवाज न चढवता बोलला. "यंत्र खोटं नाही. त्याने नखात जे होतं ते सांगितलं. आपण त्याला जास्त विचारलं. आकडे काढायचे, वहिनी, ताई, सगळ्यांचे, आणि ते तांबोळी मॅडमकडे पाठवायचे, म्हणजे असे लाख आकडे जमले की कोणाला तरी खरं कारण सापडेल. पण लाल आला म्हणून कोणी स्वतःच्या मनाने औषध घ्यायचं नाही, आणि हिरवा आला म्हणून गळ्याला हात लावून बघायचं सोडायचं नाही. मॅडम पुढच्या बुधवारी येणार आहेत, पाणी पिताना गळा कसा बघायचा ते शिकवायला."

ठराव मंजूर झाला. बायकांनी तिथल्या तिथे एकमेकींना पाणी पाजून गळे बघायला सुरुवात केली आणि समाजमंदिरात एकच गलका झाला. त्या गलक्यात सुवर्णाने रोहिदासची बाही ओढली. तो वाकला.

"तुमचं ऑपरेशन करायला लावलं असतं मी," ती पुटपुटली, "आणि हा आवाज गेला असता, तर मी भांडले कोणाशी असते?"

रोहिदास तसाच वाकून राहिला. माईक त्याच्या हातात चालू होता. गलका थांबला, सगळ्या जणी त्याच्याकडे बघायला लागल्या.

"काय म्हणाल्या ताई?" सुमनताईने विचारलं.

रोहिदास सरळ झाला. ऐकलेली प्रत्येक गोष्ट गावाला सांगणं हेच त्याने आयुष्यभर केलं होतं. त्याने सभेकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं, आणि माईक तोंडाशी धरला.

"अध्यक्ष म्हणतात," तो म्हणाला, "सभा संपली."